पाण्याची खूण

६ जानेवारी

भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पत्र अशासाठी की फोनवर तू ओरडतेस, मी हो हो म्हणते, आणि फोन ठेवला की तुझ्या आतोबांना विचारते, काय म्हणाली हो ती? माझा उजवा कान आता नावापुरता उरलाय. मेसेज टाईप करावा म्हटलं, तर मातीत घालून घालून बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोनची काच मला माणसात धरत नाही. मी बोट टेकवते, ती ढिम्म. आतोबांनी टेकवलं की पळत सुटते. तेव्हा आपलं पेन बरं.

बातमी अशी की बाजारातलं ते भांड्यांचं दुकान बंद झालं. मालकांना गुडघे साथ देईनात, ते लेकीकडे राहायला गेले. इतकी वर्षं माझ्या किटल्या त्यांच्याच फळीवर असायच्या. गिऱ्हाईक आलं की ते स्वतः किटलीत पाणी भरायचे, ओतून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, थेंब खाली आला का? बाईंची किटली गळत नाही." माझी सगळी जाहिरात एवढीच. आता ते म्हणायला कोणी नाही, आणि भट्टी तर पेटती ठेवायची आहे. साठी उलटली म्हणून हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे, हे तुला सांगायला नको.

म्हणून शेवटी तुझं ऐकलं. आतोबांनी इंटरनेटवरच्या त्या मोठ्या बाजारात माझं दुकान उघडलंय. दुकान कसलं, एक पान आहे. तिथे किटली हातात घेता येत नाही, ओतून बघता येत नाही, फोटो म्हणजेच सगळं. फोटो आतोबा काढतात. जन्म गेला एक्स-रे काढण्यात, सवय जाईल कशी? समोरून एक, बाजूने एक, आणि बटण दाबायच्या आधी माझ्या किटलीला सांगतात, "श्वास रोखा." एकेका किटलीचे डझनावारी काढतात आणि एकही पुसत नाहीत. म्हणे पेशंटची फिल्म फेकायची नसते.

आता तू सांग, या फोटोंचं काय काय सांभाळायचं असतं. शेजारीण म्हणाली, तिथे फोटो चोरतात. चोरून करतात काय, भिंतीला लावतात? आणि हो, मराठीत लिही. तुझ्या मागच्या मेसेजमध्ये 'आहे' आणि 'नाही' सोडलं तर मराठी शोधावं लागत होतं.

तुझी
आत्या


१५ जानेवारी

आत्या,

तुला आणि आतोबांना नमस्कार, किटल्यांना वेगळा.

तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात बसून वाचलं, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. समोर डोळे तपासायचा तक्ता, हातात तुझं अक्षर. तुझं अक्षर तक्त्यावर लावलं तर आमचा धंदा दुप्पट होईल.

फोटो भिंतीला लावत नाहीत गं. तुझ्या किटलीचा फोटो उचलतात, आपल्या पानावर लावतात, आणि कोणी मागवली की कुठलीतरी हलकीसलकी वस्तू पाठवून देतात. फोटो तुझा, माल त्यांचा. घेणाऱ्याला वाटतं, फोटोत एवढी छान दिसत होती आणि आली ही अशी. खडे फोडतात ते मात्र फोटोतल्या किटलीच्या नावाने. म्हणून आधीच काळजी घ्यायची.

तू मराठीत लिही म्हणालीस, तर आज मी ठरवूनच बसलेय. आतोबांच्या कॅमेऱ्यातून निघतो तो मोठा फोटो घरातच ठेवायचा. पानावर टाकायचा तो लहान करून, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाती मूळ लागत नाही. आतोबा काही पुसत नाहीत हे फार चांगलं आहे, त्यावरून त्यांच्याशी भांडू नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पाण्याची खूण. (हा शब्द जुळवायला मला अख्खा एक चहा लागला, कौतुक कर.) पाण्याची खूण प्रत्येक फोटोत हवीच. फार गडद नको, किटली झाकली जाता कामा नये. पण कोपऱ्यात टाकलीत तर उपयोग नाही, कोपरा कोणीही कापून टाकतं. शक्यतो मधोमध, किटलीला लागून. मग फोटो कुठेही दिसू दे, आपला आहे हे लगेच ओळखता येतं. कंटाळा करू नका, एकूण एक फोटोत हवी. कशी टाकायची ते आतोबांना विचार, त्यांना कळेल.

माझं बरं चाललंय. वरच्या मजल्यावरची मैत्रीण रोज संध्याकाळी चहाला येते आणि माझी पत्र्याची किटली बघून नाक मुरडते.

तुझी
भिंगरी


१ फेब्रुवारी

भिंगरे,

आतोबांना कळेल म्हणालीस ना, त्यांना खरंच एका फटक्यात कळलं. मी म्हटलं, पाण्याची खूण म्हणजे नक्की काय करायचं? तर म्हणाले, "अगदी बरोबर सांगतेय पोरगी. आम्ही हाडाचा फोटो काढताना शेजारी शिशाचं अक्षर ठेवायचो, डाव्याला एक, उजव्याला एक. खूण फोटो काढतानाच पडली पाहिजे. मागाहून चिकटवलेल्या खुणेवर कोण विश्वास ठेवणार?" आणि लगेच पाण्याचा तांब्या घेऊन आले.

पण दिसतं तितकं सोपं नाही हं ते. पहिल्या दिवशी मी ओल्या बोटाने टेबलावर दोन ठिपके दिले, तर फोटोत किटली गळतेय असं दिसायला लागलं. म्हटलं, हे काही चालायचं नाही, जन्मभर गळू दिली नाही आणि आता फोटोसाठी गळवू? मग आतोबांना सुचलं. पेला पाण्यात बुडवायचा, टेबलावर टेकवायचा आणि उचलायचा. छान गोल ओलं कडं उमटतं. त्याला लागून किटली ठेवायची. मधोमध, तू म्हणालीस तसं.

खरी गंमत पुढेच आहे. टेबल खिडकीपाशी, बाहेर ऊन. कडं उमटलं न उमटलं की वाळायला लागतं. मी ओरडते, "अहो, उरका, खूण चालली." हे म्हणतात, "घाई केली की फोटो हलतो." आणि किटलीला सांगतात, श्वास रोखा. कडं पुरतं वाळेपर्यंत काढत राहतात, मग मी पुन्हा पेला बुडवते. सगळ्या किटल्या होईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. पण फोटो इतके देखणे आलेत की काय सांगू. तुला एकेक सुचतं तरी कुठून? शेजारणीला सांगितलं, आमच्या भाचीची आयडिया आहे.

आणि ऐक, किटल्या जायला लागल्या. कुठली कुठली माणसं, ज्यांना मी कधी बघणारही नाही. दुकानदार नाहीत, तेव्हा ओतून बघायचं काम आता माझं. प्रत्येक किटली खोक्यात घालण्याआधी पाणी भरते, ओतते, तोटीखाली हात धरते. कोरडा राहिला तरच खोकं बंद. सकाळी चाकावर, दुपारी खोकी, संध्याकाळी आतोबा पोस्टात. या वयात दिवस इतका भरलेला असावा, आणखी काय हवं माणसाला.

तुझी
आत्या


१४ मार्च

आत्या,

बरी आहेस ना? लिहायला उशीर झाला, रागावू नकोस.

तुमच्या पानावरचे फोटो पाहिले. टेबलावरचं ते ओलं कडं मला फार आवडलं, आत्ताच कोणीतरी पेला उचलून नेलाय असं वाटतं. खूण मात्र मला कुठे दिसली नाही, म्हणजे फारच फिकट टाकली असणार. असू दे, चालेल.

मी लिहायला बसलेय ते वेगळ्याच कारणासाठी. तुझे हात कसे आहेत? मागे मनगट दुखतं म्हणाली होतीस. नीट दाखवून घेतलंस का कोणाला? इकडे आमच्या दुकानात एक बाई येतात, शिवणकाम करायच्या. सुईत दोरा ओवताना वेळ लागायला लागला तशी त्यांनी कामं कमी केली. आता म्हणतात, फार बरं केलं. तू इतकी वर्षं अंगमेहनत केलीस, आता थोडी दमाने घेतलीस तर कोणी नाव ठेवणार नाही. आणि अगदी चैन पडत नसेल तर पेले कर की. पेल्याला तोटी नसते, तेवढाच त्रास कमी.

आतोबांना नमस्कार. जप स्वतःला.

तुझी
भिंगरी


२२ मार्च

भाचीबाईंस,

पत्र पोचलं. कडं आवडलं म्हणतेस आणि खूण दिसली नाही म्हणतेस. लोकांचे डोळे तपासतेस, एकदा स्वतःचेही तपासून घे.

पण त्यासाठी लिहीत नाहीये. "पेल्याला तोटी नसते." हे वाक्य मी वाचलं, मग आतोबांना वाचायला दिलं, मग परत माझ्याकडे घेतलं. तू उगाच बोलणारी नव्हेस. तू लहानपणी माझ्या चाकावर बसून गरगर फिरायचीस तेव्हापासून मी तुला ओळखते, पोटात एक असलं की तू अशीच लोणी लावून बोलतेस.

आता माझं ऐक. या महिन्यात दोन अनोळखी बायकांनी आमच्या पानावर लिहिलंय, तुमची किटली गळते. आतोबांनी आम्ही पाठवलेल्या सगळ्या किटल्यांची नावं तपासली, त्या दोघी त्यात नाहीत. हे म्हणाले, कोणी भेट दिली असेल, सोडून दे. मी सोडून दिलं होतं. मग तुझं पत्र आलं.

तेव्हापासून मी घरातली एकेक किटली भरून ओतून बघतेय. एकही गळत नाही. पण मग वाटतं, मला दिसतंय का तरी? रोज सकाळी चाकापाशी जाते, मातीवर हात ठेवते आणि उठते. काही केलेलं नाही. लोकांना दिसेनासं झालं की तू काच बदलून देतेस. हातांना कळेनासं झालं तर ते कोण सांगणार? मला भीती वाटते गं. आतोबांना बोलले नाही, ते आपले माती वाळू नये म्हणून रोज चाकावरचं ओलं फडकं बदलतात.

तुला कोणी काय सांगितलं ते सरळ लिही. मी रडणार नाही.

आत्या


२९ मार्च

आत्या,

तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. हे वाक्य आधी वाच, आतोबांना मोठ्याने वाचायला लाव, मगच पुढे जा.

काल फोनवर आतोबांना सगळं सांगितलं, पण तुझ्या कानापर्यंत त्यातलं किती पोचलं कोण जाणे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

फेब्रुवारीत मी तुझी किटली विकत घेतली. मैत्रिणीच्या नावाने आणि तिच्या पत्त्यावर, कारण तुला कळलं असतं तर तू तशीच पाठवली असतीस. मला तुझं खरं गिऱ्हाईक व्हायचं होतं. खोकं आलं, मी चहा केला, पहिला पेला ओतला आणि निम्मा चहा तोटीवरून ओघळून टेबलावर. पुन्हा ओतला, पुन्हा तेच. मला वाटलं, संपलं, आत्याचे हात गेले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून रडले. आणि तुला कसं सांगायचं ते न कळून ते पेल्याचं पत्र लिहिलं.

किटली टाकून मात्र दिली नाही. तोटीखाली एक सुती फडकं बांधलं आणि तेव्हापासून रोज तिच्यातूनच चहा. कोणी आलं की सांगते, आमच्या आत्याने केलीये. मैत्रिणीने फडक्याचं विचारलं, तर तिला म्हटलं अशा किटल्यांना बांधतातच.

मग तुझं पत्र आलं. ओतून बघितल्याशिवाय मी खोकं बंद करत नाही हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस, आणि आता घरातली एकही गळत नाही म्हणतेस. मग माझीच कशी गळते? फोन काढला आणि किटली कुठून मागवली ते बघितलं. आत्या, दुकान तुझं नव्हतंच. फोटो तुझे, एकूण एक, टेबल तुझं, खिडकीतलं ऊन तुझं, ते ओलं कडंसुद्धा. नाव भलत्याचंच. फोटोंवर आडवं छापलेलंही आहे. दिवसभर लोकांना अगदी खालची बारीक ओळ वाचायला लावणारी मी, आणि मी दुकानाचं नाव वाचलं नाही. बाजारात शोधताना तुझी किटली दिसली आणि बटण दाबलं.

त्या दोन बायकांचंही हेच झालेलं असणार, फोटो सारखेच म्हणून तक्रार तुझ्या पानावर. आतोबांना तक्रार कुठे आणि कशी करायची ते सांगितलंय. तू एवढंच कर, उद्या सकाळी चाकावर बस. आणि मला काय हवं ते बोल, मी ऐकून घेईन.

तुझी मूर्ख
भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरे,

बसले चाकावर. पहिली किटली झाली तेव्हा आतोबा दारात उभे होते, आणि चहा आणायच्या निमित्ताने आत निघून गेले. डोळे पुसायला गेले होते, मला कळत नाही थोडंच. तुला काय बोलायचं ते नंतर बोलेन, ते लिहून ठेवलंय मनात. आधी हा घोळ निस्तरू.

घोळ म्हणजे आपलं पान बंद केलंय. त्यांचं नव्हे, आपलं. आतोबांनी तक्रार केली, तर त्या माणसाने उलट आपलीच केली, की हे फोटो त्याचे आणि चोर आपण. बाजारवाल्यांनी म्हणे दोन्ही पानं पाहिली. त्यांचं उत्तर आलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. "त्यांच्या फोटोंवर त्यांच्या नावाची खूण आहे. तुमच्या फोटोंवर कोणतीही खूण नाही."

माझं डोकंच फिरलं. खूण नाही म्हणजे काय? आतोबांना म्हटलं, लिहा त्यांना, नीट बघा, टेबलाच्या मधोमध, किटलीला लागून, ओली खूण आहे आणि एकूण एक फोटोत आहे. हवं तर चष्मा लावून बघा. यांनी चष्म्याचं गाळून बाकी सगळं लिहिलं. तर उत्तर काय यावं? "तुमचा संदेश आम्हाला समजला नाही." इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर असं पाणी पडलं आणि वर यांना संदेश समजत नाही.

महिनाअखेरपर्यंत पुरावा द्या म्हणतात, नाहीतर पान कायमचं गेलं. भट्टीतून काढलेल्या किटल्या फळीवर रांगेत उभ्या आहेत. विकल्या गेल्या नाहीत तर नाही, मी त्याला घाबरत नाही. पण माझ्या किटल्या गळतात आणि मी चोर आहे, असं तिथे राहणार आणि मला तिथे बोलताही येणार नाही, हे मला सहन होत नाही. काही सुचतं का बघ.

तुझी
आत्या


१९ एप्रिल

आत्या,

'ओली खूण.' तुझ्या पत्रात हे दोन शब्द वाचले आणि मी दुकानात एवढ्यांदा हसले की समोरच्या गिऱ्हाइकाने चाचणीचा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

अगं, पाण्याची खूण म्हणजे पाणी नव्हे. फोटोवर फिकट अक्षरांत आपलं नाव उमटवतात, आरपार दिसेल असं, त्याला वॉटरमार्क म्हणतात. तो साधा शब्द सगळ्यांना कळतो. पण तू म्हणालीस मराठीत लिही, आणि मी शहाणी, चहा पीत पीत त्याचं मराठी केलं. आणि तुम्ही दोघं पेले बुडवत बसलात. आत्या, तुम्ही एकूण एक फोटोत खरंखुरं पाणी घातलंत. मला हसू आवरेना, आणि मग रडूच यायला लागलं, कारण आपल्या फोटोंवर नाव नाही, त्याच्या फोटोंवर आहे, आणि हे माझ्या शब्दामुळे झालंय.

पण रडून झाल्यावर मी फोटो पुन्हा उघडले. कडं बघ आत्या. निळ्या किटलीच्या फोटोत ते पूर्ण गोल आहे, करड्या किटलीच्या फोटोत एका बाजूने तुटलंय. तूच लिहिलं होतंस, उमटलं न उमटलं की वाळायला लागतं आणि आतोबा वाळेपर्यंत काढत राहतात. त्यांनी त्यातला एकही पुसलेला नाही ना? तर मग प्रत्येक किटलीची अख्खी रांग पाठवा, मूळ मोठ्या आकारात, ओळीने. कडं ओलं, कडं तुटलेलं, नुसते दोन ठिपके, कोरडं टेबल. त्या माणसाकडे त्यातला एकेकच आहे, तोही लहान केलेला. त्याच्या आधीचा आणि नंतरचा तो कुठून आणणार? नाव कोणीही कोणाच्याही फोटोवर छापतं. पण पाणी कसं वाळलं ते फक्त तिथे उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

बाजारवाल्यांना एवढंच लिहा, त्याच्याकडेही हेच मागा. 'ओली खूण' हे शब्द तेवढे लिहू नका.

तुझी
भिंगरी


८ मे

भिंगरे,

पान उघडलं.

आतोबांचा नुसता थाट बघायला हवा होतास. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी माझी चहाची किटली, आणि सगळ्या फोटोंची जुळवाजुळव. प्रत्येक रांगेला नाव दिलं. "निळी किटली, समोरून, ओल्यापासून कोरड्यापर्यंत." मी म्हटलं, खाली निदान पण लिहा. तर खरंच लिहिलं, "तोटी उत्तम." बाजारवाल्यांनी त्या माणसाकडेही तेच मागितलं. त्याचं काही उत्तर आलं नाही. एका सकाळी बघतो तर त्याचं पान गायब, आणि आपलं जागच्या जागी. वर माफीच्या दोन ओळी. माझ्या जिवात जीव आला.

त्या दोन बायकांना मी आतोबांकडून सविस्तर लिहवून घेतलं, की तुम्हाला आली ती माझी नव्हती. एकीने तर खरी मागवली. काल आतोबा पोस्टात टाकून आले. आता फोटोवर फिकट नावही टाकतात, तू म्हणतेस तसं. पेला बुडवायचंही सोडत नाहीत. म्हणतात, नाव लोकांसाठी, पाणी आपल्यासाठी.

आता मनात लिहून ठेवलेलं. ते फडकं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. इतकी गळकी किटली मी करीन असं तुला वाटलंच कसं? मग हसू आलं, अशा किटल्यांना फडकं बांधतातच म्हणे. आणि मग भट्टीपाशी बसून मी रडले, रडणार नाही असं लिहून दिलं होतं तरी. एक वेडीवाकडी वस्तू, केवळ माझ्या हातची समजून तू रोज तिच्यातून चहा प्यालीस आणि आल्यागेल्याला माझं नाव सांगितलंस. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या किटलीला एवढा मान मिळाला नसेल.

पण तू गप्प बसलीस, ते मला चालणार नाही. या खेपेला ती किटली माझी नव्हती म्हणून मी सुटले. कधीतरी असेल. हात थकणारच, मी काही वेगळ्या मातीची नाही. तेव्हा मला सांगणार कोण? आतोबा सांगायचे नाहीत, त्यांनी माझं करपलेलंही कायम गोड मानून घेतलंय. गिऱ्हाईक सांगेल, पण चारचौघांत. मला तुझ्याकडून कळायला हवं. ते शिवणकामवाल्या बाईंचं उदाहरण नको आणि पेले पण नकोत. सरळ लिहायचं, आत्या, गळते. त्या दिवशी मी थांबेन, आणि ती शेवटची किटली तू खुशाल फडकं बांधून वापर.

सोबत एक पाठवतेय, तुझ्यासाठी केलेली. हो, फुकट. खरं गिऱ्हाईक व्हायची तुझी हौस तू फेडून घेतली आहेस. ओतून बघ आणि कशी आहे ते खरं लिही.

तुझी
आत्या


२० मे

आत्या,

किटली आली. खोक्यावरचं नाव आधी वाचलं, मग खोकं उघडलं.

टेबलावर पांढरा कागद पसरला आणि चहा ओतला. हळू ओतला, घाईत ओतला, मैत्रिणीशी बोलत बोलत मान वळवून ओतला. कागद तसाच कोरडा. मैत्रिणीने विचारलं, याला फडकं नाही का बांधायचं? मग तिला सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि चहा गार झाला. जुनी किटली अजून फळीवर आहे, टाकवत नाही.

तू म्हणालीस तसंच करेन. गळायला लागली की सगळ्यात आधी मी लिहीन, आणि सरळ लिहीन. मला ते लिहिताना फार वाईट वाटेल, पण लिहीन.

आज गळत नाही. झाकण मात्र या वेळी जरा घट्ट झालंय आत्या, उघडताना दोन्ही हात लागतात.

तुझी
भिंगरी